शंभरात किती जागे?

एक होतं तळं. त्यात राहायची एक यक्षीण. तळ्याकाठी धवलराय राजाची तीन गावं होती. वाडी इवलीशी, मळा मध्यम आणि पेठ भली मोठी. पण माणसं अशी, की घरातला सगळा केरकचरा नेऊन तळ्यात टाकायची. यक्षिणीनं पुष्कळ दिवस सोसलं. मग एकदा तिनं फुंकर घातली, आणि माणसं बसल्या जागी झोपली. काही जागी राहिली, बरं का, पण पुष्कळ झोपली.

पेठेत गिरजा कुंभारीण होती. ती जागी राहिली, पण तिची लेक रंगू चाकापाशीच झोपली, हाताला ओली माती तशीच. गिरजानं हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, गदागदा हलवलं. पोर काही उठेना.

मग राजा तळ्यावर गेला. हात जोडून म्हणाला, "चुकलो. आता माणसं उठव."

यक्षीण म्हणाली, "तिन्ही गावं मिळून शंभरात किती जागे, ते सांग. तीनदा विचारीन. तिसऱ्यांदा चुकलात, तर कुणीच उठणार नाही."

राजानं गावोगाव माणसं धाडली. ती सांगत आली. वाडीत शंभरात नव्वद जागे, मळ्यात शंभरात पन्नास, पेठेत शंभरात दहा.

दिवाणजी हुशार. म्हणाले, "तिन्हींची बेरीज दीडशे. भागिले तीन. पन्नास!" यक्षिणीनं फुंकर घातली. दिवाणजी झोपले.

मग सेनापती म्हणाला, "मोठं गाव तेच खरं. दहा!" तोही झोपला.

आता राहिला राजा. त्याला घाम फुटला. त्यानं दवंडी पिटली, कुणाला उत्तर येत असेल तर या. गिरजानं ती ऐकली. रंगूच्या अंगावर पांघरूण घातलं आणि तडक तळं गाठलं.

"महाराज, दिवाणजींनी तिन्ही गावं सारखीच धरली. पण वाडीत माणसं किती?"

"शंभर."

"आणि मळ्यात?"

"तीनशे. पेठेत सहाशे."

"मग शेकडे मिळवू नका, माणसं मिळवा," गिरजा म्हणाली. "वाडीत जागी नव्वद. मळ्यात तीनशेची निम्मी, म्हणजे दीडशे. आमच्या पेठेत शंभरात दहा, म्हणजे सहाशेत साठ. एकूण किती झाली?"

राजानं बोटांवर मोजलं. "नव्वद नि दीडशे, दोनशे चाळीस. वर साठ. तीनशे!"

"आणि सगळी मिळून माणसं हजार. हजारात तीनशे, म्हणजे शंभरात?"

"तीस," राजा हळूच म्हणाला. मग तळ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "तीस!"

पाणी हललं. यक्षीण वर आली. गिरजा जागची हलली नाही.

"बरोबर," यक्षीण म्हणाली. "आता माझं तळं स्वच्छ करा." आणि तिनं उलटी फुंकर घातली.

गिरजा धावत घरी आली. रंगू डोळे चोळत उठून बसली होती. म्हणाली, "आई, भूक लागली." गिरजानं तिला मातीच्या हातांसकट उराशी धरलं आणि मग भाकरी टाकली.

दिवाणजी उठले, सेनापती उठला. सगळ्यांनी मिळून तळं उपसलं, गाळ काढला. पुन्हा कुणी त्यात काडीसुद्धा टाकली नाही. सगळे सुखानं राहिले.

अशी ती सगळी उठली, हं. आता तुम्ही निजा बघू.