सुगरणींचा संघ

फार पूर्वी एका बाभळीवरच्या सुगरणी कावळेशेठकडे घरटी विणायच्या नोकरीला होत्या. त्यांतल्या म्हाताऱ्या साळूने सुगरणींचा संघ काढला आणि सगळ्यांना बोलावलं.

"संघ मजुरांना लागतो, साळूमावशी," चिमा मान उडवत म्हणाली. "मी कलाकार आहे. इथं पटलं नाही, तर उद्या दुसरं झाड गाठीन!"

बाकीच्यांनाही ते पटलं. सगळ्या भुर्रकन उडून गेल्या.

वर्षभराने कावळेशेठ चिमाला म्हणाले, "तुझी वीण जुनी झाली. उद्यापासून येऊ नकोस."

चिमा दहा झाडं फिरली. सगळीकडे तेच उत्तर मिळालं. शेवटी ती साळूपाशी आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, संघात किती जणी आहेत?"

साळूने सरकून फांदीवर जागा केली. "तू बसलीस की दोघी."