मडक्याची परवानगी

फार पूर्वी माळरानावर एका सरदाराच्या थडग्याभोवती नक्षी कोरलेले बारा धोंडे आणि एक साधा धोंडा पहाऱ्याला उभे होते. एका टिटवीने त्यांच्याजवळ उघड्यावर अंडी घातली. म्हशींचा कळप येताना पाहून ती म्हणाली, "दादांनो, कुणीतरी आडवे व्हा हो!"

"सरदारांची परवानगी लागते," थोरला नक्षीदार धोंडा म्हणाला. त्याने घुशीला आत धाडले.

घूस परत आली. "सरदारांची कधीच माती झाली. आत फक्त एक मडकं आहे."

"मग मडक्याला विचार!"

"विचारलं. बोलत नाही."

"म्हणजे विचार चालू आहे," थोरला म्हणाला, आणि सगळे अदबीने थांबले.

म्हशी अगदी जवळ आल्या, तसा साधा धोंडा धाडकन आडवा झाला. म्हशी वळसा घालून गेल्या.

"अरे, परवानगी?" थोरला ओरडला.

"मडकं नको म्हणालं का?" साध्या धोंड्याने पडल्यापडल्या विचारले.