करंगळी आणि पैलवान

"खर्रर्र... खर्रर्र..." सुताच्या कांड्या भरायच्या रहाटाचा हा आवाज सोनबा कोष्ट्यानं लहानपणी आईच्या मांडीवर पडून ऐकला होता. आज कडेगडच्या दरबारात त्याचं स्वतःचं चाक तसंच सुखानं फिरत होतं. पण महाराज जगदेवराव पोट धरून हसत होते!

"अरे सोनबा, हे चाक की भिंगरी? आमच्या आत्यासाहेब करंगळीनं फिरवताहेत! यातून कसला उजेड निघणार? आमच्या राजवाड्यातल्या दिव्यांचं इंजिन सुरू करायला चार गडी लागतात, चार!"

नव्वदीच्या आत्यासाहेबांनी गालातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं. "जगू, माझ्या करंगळीला नावं ठेवू नकोस. हीच धरून तू चालायला शिकलास!"

दरबार खुदखुदला. महाराजांचा चेहरा लाल झाला.

सोनबाची मागणी एवढीच होती, की तलावाच्या सांडव्यावर हे चाक बसवू द्यावं, म्हणजे वाहत्या पाण्यानं ते फिरून आळीत दिवे लागतील. रॉकेलच्या धुरकट चिमण्यांपाशी विणून कोष्टी आळीतल्या बायकांचे डोळे अधू झाले होते. त्या बायकांनीच आपले तांब्याचे हंडे दिले, तांबटानं त्यांची तार ओढून दिली. सोनबानं तारेवर सुताचे वेढे दिले, म्हणजे तारेला तार भिडायला नको. मग कांडी भरावी तशी एकाच दिशेनं भरून त्यानं तिची वेटोळी केली आणि लाकडी फळीत बसवली. फळीच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी तबकड्या, आणि त्यांवर सरकारच्या मोडक्या मोटारींतली चुंबकं. तबकड्या फिरत, फळी जागची हलत नसे, आणि कुणी कुणाला शिवत नसे!

पहिल्यांदा त्यानं सगळी चुंबकं एकाच तोंडानं चिकटवली होती. दिव्यानं डोळासुद्धा उघडला नाही. तेव्हा त्याची बायको भागू म्हणाली होती, "अहो, सगळा उभा ताणाच घातलाय, आडवा बाणा कुठाय?" सोनबानं कपाळावर हात मारला, आणि एक चुंबक उताणं, एक पालथं असं सगळं पुन्हा मांडलं.

पण महाराज आता हट्टाला पेटले होते.

"ऐक! ज्या चाकात जोर आहे, ते आमच्या रावबा पैलवानाला हरवील. हेच चाक आत्यासाहेबांच्या करंगळीनं गरगरलं पाहिजे, आणि रावबानं दोन्ही हात लावले तरी गरगरता कामा नये! चाकाला खीळ नाही, दोरी नाही, पाचर नाही. तू त्याला शिवायचंसुद्धा नाही. जमलं तर सांडवा तुझा. नाही जमलं, तर त्या तांब्याचा आमच्या न्हाणीघराला बंब!"

दाराशी उभ्या असलेल्या आळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हंडेही गेले आणि उजेडही!

सोनबा चाकापासून चार पावलं मागं सरला. मग हळूच म्हणाला, "बरं सरकार. मी इथं लांब बसतो. फळीतून आलेल्या या तारेची दोन टोकं तेवढी माझ्या हातात असू द्या."

"असू दे! तारेनं काय चाक बांधणार आहेस?"

आत्यासाहेबांनी करंगळी लावली. चाक गरगरलं!

"माझं झालं. आता त्या तालमीतल्या रेड्याला बोलवा!"

चाक थांबलं. रावबानं शड्डू ठोकला, तबकडी धरली आणि हिसडा दिला. सोनबानं तारेची दोन टोकं एकमेकांना पीळ देऊन जोडली, बस्स!

घट्ट पाकात पळी फिरावी तसं चाक सरकलं आणि थांबलं. रावबानं दात खाल्ले. जितका जोर लावी, तितकं चाक अडून बसे! घाम गळाला, फेटा सुटला, पण चाक काही गरगरेना.

"दूध कमी पडलं का रे?" आत्यासाहेबांनी विचारलं.

महाराज तडक उठले. खाली वाकून पाहिलं. खीळ नाही, पाचर नाही! "सोनबा, एवढा जोर गेला कुठं?"

"तारेत गेला, सरकार. हात लावून बघा."

महाराजांनी वेटोळ्यांना बोट लावलं. चांगलीच कोमट!

"आता हाच जोर उजेडाला लावतो." सोनबानं पीळ सोडला आणि टोकांमध्ये दिवा जोडला. "पैलवानदादा, आता फिरवा बरं. जड लागेल, पण फिरेल."

रावबानं फिरवलं, आणि दिवा झगमगला! अख्खा दरबार "अरे वा!" करून उठला.

"रिकामं असतं तेव्हा ते हलकं असतं, सरकार. काम सांगितलं, की जड होतं. पाण्याला कुठं हात दुखतात? ते फिरवील."

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी मांडीवर आली. "घे, सांडवा तुझा! मोटारींची उरलेली चुंबकंही तुझी, आणि हंडे दिलेल्या प्रत्येक बाईला आमच्याकडून नवा हंडा!" मग ते पैलवानाकडे वळले. "काय रावबा, भिंगरीकडून चीत झालास! आता कुणाशी लढणार?"

रावबानं फेटा गुंडाळला. खाली वाकून ते चाक फळीसकट खांद्यावर घेतलं, आणि तो सांडव्याच्या वाटेला लागला.