मथुराबाईंचा बेल

सांगवीच्या नदीकाठी धोंडीनाथ महाराजांचा मठ होता. तिथल्या पिंडीसाठी रोज बेल निवडून देण्याची सेवा मथुराबाई गुरव यांची. फाटके पान त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे. अलीकडे मात्र सारे धुक्यात बुडाल्यासारखे दिसू लागले होते.

एका सोमवारी पोथी सांगणाऱ्या दिगंबरशास्त्र्यांनी परडीतले पान चाचपले आणि ते कडाडले, "म्हातारे, देवाला भोकं पडलेला बेल? उद्यापासून परडी दुसऱ्याकडे!"

मथुराबाई महाराजांच्या पायांशी कोसळल्या. "देवा, चिमूटभर अंगारा डोळ्यांत घाला. माझी सेवा जाते हो!"

महाराजांनी अंगारा कपाळाला लावला, डोळ्यांत घातला नाही. म्हणाले, "माय, हा मोतीबिंदू. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ झालंय. वरून काही घातलंस तर इजाच व्हायची. तालुक्याला डॉक्टर ते काढून स्वच्छ भिंग बसवतात. जा."

"पण आधी पिकू द्यावा म्हणतात ना?"

"तो काय आंबा आहे? काम अडलंय ना तुझं? मग वाट कसली बघतेस?"

शास्त्री हसले. "भक्तीच कच्ची, अंगारा काय करणार! घे आता डोळ्याला सुरी लावून."

दवाखान्यातल्या टेबलावर मथुराबाईंना कापरे भरले. डॉक्टर म्हणाले, "आजी, डोळा बधिर केलाय, दुखणार नाही. फक्त हलू नका." पण थरथर थांबेना. तोच कुणीतरी त्यांचा हात धरला. तळव्याला घट्टे होते, अंगाऱ्याचा वास होता. अंग शांत झाले.

पट्टी निघाल्यावर त्या परडी घेऊन मठात आल्या. पानाची शीर न् शीर दिसत होती! "देवा, तिथे येऊन हात धरलात, नाहीतर मी पळूनच आले असते."

शास्त्र्यांचे हसू मावळले. मथुराबाईंच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी महाराज मठातच उजवी मूठ मिटून बसले होते. प्रसाद पुढे केला तरी ती उघडली नव्हती. कारण विचारल्यावर एवढेच म्हणाले होते, "थांबा, सुटेल."

शास्त्री चाचपडत पुढे आले. "महाराज, मला अक्षर दिसेनासं होऊन किती दिवस झाले! पोथी पाठ म्हणतो आणि पानं नुसती उलटतो. लाजेपोटी बोललो नाही." मग मथुराबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, मला तिकडे न्याल?"

महाराज नुसते हसले.

शास्त्री त्यांच्या चरणांवर वाकू लागले. समोरची पायरी त्यांना दिसली नाही. कपाळ आपटणार, तोच मथुराबाईंनी त्यांचा हात धरला.