क्लचची कडक स्प्रिंग

“...याहून कडक नाही का, उस्ताद?”

हेरंब घरतने विचारलं मला नाही, कासम उस्तादांना. स्पेअर पार्टचं दुकान माझं, स्प्रिंगा माझ्या. पण गिऱ्हाईक विचारतं त्यांनाच. गुडघे गेल्यापासून ते दुपारभर माझ्या काउंटरपाशी स्टुलावर बसून असतात.

हेरंब गाड्यांचं काम त्यांच्याच हाताखाली शिकला. आता किनाऱ्यावर त्याच्या स्वतःच्या एटीव्ही भाड्याने पळतात. वाळूतल्या त्या चारचाकी बाइक.

“कडक कशाला?” उस्तादांनी डोळे न उघडताच विचारलं.

“मागे माणूस बसला की गाडी जड उचलते. म्हणून कडक स्प्रिंग टाकली. आता उचलते, पण हिसका देते. काल एक बाई मागच्या मागे वाळूत पडली.”

“मग?”

“पंचायतीने बजावलंय. पुन्हा कोणी पडलं तर धंदा बंद.”

“आणि तू आणखी कडक मागतोयस...”

“ताकद कमी पडतेय, उस्ताद! मला काय क्लच कळत नाही?”

मी दोन स्प्रिंगा काउंटरवर ठेवल्या. एक मऊ, एक कडक. दुकानदाराने मध्ये बोलू नये. कडकवाली महाग, हेही खरंच.

उस्तादांनी हात पुढे केला.

“उठव मला. थांब, लगेच ओढू नको. जोर साठव... अजून साठव...”

हेरंबने दात आवळले.

“हं. ओढ!”

म्हातारा स्टुलावरून उडाला तो थेट माझ्या काउंटरवर. नटांचा डबा सांडला. मी धावलो. हेरंबने त्यांना सावरलं.

“लागलं का, उस्ताद?”

उस्ताद पुन्हा स्टुलावर टेकले. कोपर चोळत राहिले.

“जोर कमी पडला का रे तुझा?”

“...नाही.”

“मग मी का पडलो?”

हेरंब सांडलेले नट गोळा करू लागला.

“स्प्रिंग ढकलत नाही, बाळा. इंजिनाचा जोर साठेपर्यंत क्लचला अडवून धरते, मग एकदम सोडते. किती वेळा सांगितलं असेल मी... दमलो आता.”

हेरंबने दोन्ही स्प्रिंगा हातात घेतल्या. एक दाबली, मग दुसरी. आवाज उतरला होता.

“मग कुठली लावू? सांगा ना.”

उस्तादांनी पुन्हा डोळे मिटले.

“तुला आवडेल ती लाव. पण संध्याकाळी मला त्याच गाडीवरून घरी सोड... मागे बसवून.”