पाणी खयसून इला?

"आता तरी सुकाणू माझ्या हातात देतलात मां, लवूकाका?"

लवूकाका शिडाच्या दोरीची गाठ सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पंप बसले?"

"बसले. एक नाय, दोन. पाणी साठला की आपणच चालू, सरला की आपणच बंद. आता ती करटी टाका समुद्रात."

"रवांदे करटी."

उल्हास खवणेकर सात वर्षं गोव्यात मोटारबोटींवर पंप, बॅटऱ्या आणि वायरी जोडत होता. कारागीर चांगला होता, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी तो देवबागला परत आला तो शिडाची होडी शिकायला. खाडीत शिडावर चालणारी एकच होडी उरली होती, लवू मेथरांची सातेरी. काकांना मूलबाळ नव्हतं, गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यांनी साऱ्या वाडीला सांगून ठेवलं होतं, की ज्याच्या हातात मी सुकाणू देईन, सातेरी त्याची.

उल्हासला सातेरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

आणि काकांनी आठ महिने त्याच्या हातात दिली ती करटी, नारळाची करवंटी. होडीच्या पोटात बसायचं आणि साठलेलं पाणी उपसायचं. उपसून झालं की काका मागून विचारायचे, "खयसून इला?"

कुठून आलं? एवढंच. दुसरा प्रश्न म्हणून नाही.

"लाटेतसून." "सांध्यातसून." "भिजल्या दोरयेतसून." उत्तर बरोबर असलं तरी काका नुसतं "हूं" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी करवंटी तिथेच, त्याच्या नावाने.

शेवटी उल्हास हट्टाला पेटला. गोव्याहून दोन पंप मागवले, तीन दिवस राबून बसवले. पाणी बाहेर टाकणाऱ्या दोन्ही नळ्यांची तोंडं होडीच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या वीतभर वर, शेजारी शेजारी. गोव्यात शेकडो बोटींना बसवली होती तशीच. काम असं देखणं, की तो स्वतःच दोनदा किनाऱ्यावरून बघून आला.

"चल," काका म्हणाले. "फिरान येवया."

सुकाणू मात्र त्यांनी आपल्याच हातात ठेवलं.

खाडीचं तोंड ओलांडलं. वारा उजवीकडून आला, शीड भरलं, आणि सातेरी डाव्या कुशीवर कलून पळायला लागली. सकाळचं ऊन, स्वच्छ पाणी. उल्हास आज रिकाम्या हातांनी बसला होता आणि ते सुख त्याला सोसवत नव्हतं.

पायाखाली पंप घुरघुरला.

"ऐकलात?"

"ऐकलंय."

पंप थांबला. थोड्या वेळाने पुन्हा घुरघुरला. पुन्हा थांबला. उल्हास प्रत्येक वेळी हसून काकांकडे बघत होता, शाळेतल्या मुलाने पाढा म्हणून दाखवावा तसा.

"कितक्यांदा?" काकांनी विचारलं.

"काय कितक्यांदा?"

"वाजलो."

"...मोजूक नाय."

"सात."

उल्हासचं हसू उतरलं. त्याने तळाची फळी उचलली. पाणी होतं. पंपाने काढावं आणि पंप थांबला की पुन्हा चढावं, असं चाललं होतं. त्याने दुसरा पंपही हाताने चालू केला. पाणी उतरलं. दोन्ही थांबले... पाणी चढलं.

तो गुडघ्यांवर आला. डोलकाठीचं बूड चाचपलं. सुकाणूकडची बाजू चाचपली. कापूस आणि राळ भरून स्वतः बुजवलेल्या सांध्यांवरून बोट फिरवलं. सगळं कोरडं.

ही होडी आपली व्हायची होती.

"काका, सातेरी म्हातारी झाली. खयतरी फुटली आसा."

"म्हातारी..." काकांनी होडीच्या कडेवर दोनदा थोपटलं. "पंप बंद कर."

"बुडात मगे!"

"कर."

उल्हासने दोन्ही पंपांची बटणं बंद केली. पाणी शांतपणे, घाई न करता चढत राहिलं. करवंटी त्यात तरंगायला लागली. त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"रव."

काकांनी सुकाणूचा दांडा छातीपासून दूर लोटला. सातेरी वळली, शीड फडफडून पलीकडे गेलं, आणि इतका वेळ डावीकडे झुकलेली होडी उजव्या कुशीवर आली.

पाणी चढायचं थांबलं.

उल्हास बघत राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. थेंबही वाढला नाही. मग तो डाव्या कडेवरून वाकला. समुद्रातून वर आलेल्या त्या अंगावर, शेजारी शेजारी, त्याच्या दोन देखण्या नळ्यांची तोंडं ठिबकत होती. इतका वेळ ती पाण्याखाली होती, आणि पंप थांबला की समुद्र त्यांतूनच आत येत होता.

गोव्यातल्या बोटी कधी अशा कुशीवर निजत नव्हत्या.

त्याला लाज वाटली. इतकी, की कान गरम झाले. त्याने सातेरीला म्हातारी म्हटलं होतं, फुटकी म्हटलं होतं. त्याने तिच्या कडेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मागून तोच प्रश्न आला, रोजच्याच आवाजात.

"खयसून इला?"

उल्हासने त्या ठिबकणाऱ्या तोंडांकडे बोट दाखवलं.

"...माझ्याकडसून."

काका "हूं" म्हणाले नाहीत.

"उद्या तोंडां वर घेतंय," उल्हास हळूच म्हणाला, "पार वर. नळीक वळण देतंय." आणि मग त्याचं त्यालाच हसू फुटलं. ते आवरेना. त्याने डोळे पुसले, तरंगती करवंटी उचलली आणि आठ महिन्यांच्या सवयीने मांडी घालून बसला. सुकाणूचं नावसुद्धा त्याच्या मनात उरलं नव्हतं.

एक करवंटी टाकली. दुसरी टाकली. तिसरीला कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

काका आपली जागा सोडून, कुरकुरत्या गुडघ्यांनी, होडीच्या पोटात उतरले होते. त्यांनी करवंटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याच्या जागी ऐसपैस बसले.

मागे सुकाणू मोकळं होतं, सातेरी जरा डगमगली.

"धर जा," काका म्हणाले. "पाणी मी काढतंय."