भिंगीचं कालवण

रुद्राजी राजा रोज पंगतीतून उपाशी उठायचा. अन्नाला तोटा नव्हता, खोड डोळ्यांना होती. पान वाढलं की महाराजांची नजर आधी शेजारच्या पानात. प्रधानाची पुरी जास्त फुगली का? सेनापतीच्या वाटीत तूप चार थेंब जास्त पडलं का? हा तपास संपेपर्यंत महाराजांचा भात गार व्हायचा आणि त्याबद्दल बोलणी खायचा भिवा आचारी.

बिचाऱ्या भिवाने सगळं करून पाहिलं. परातीएवढं ताट दिलं, तर महाराजांना लहान ताटातलंच गोड वाटू लागलं. एकट्याला बसवलं, तर ते उठून पागेत डोकावले आणि घोड्याचे हरभरे आपल्यापेक्षा टपोरे आहेत म्हणून रुसले. अशा माणसाला अन्नपूर्णेनेही हात जोडले असते.

त्यातच खाडीपलीकडचा राजा जयवंत जेवायला येणार असं ठरलं. जयवंताचा किल्ला उंच, मिशी लांब, हत्ती जाडा. त्याचं नाव काढलं तरी रुद्राजीला आंबट ढेकर यायचा. त्याने भिवाला बोलावलं.

"उद्या जेवताना माझी नजर एकदा जरी जयवंताच्या ताटाकडे गेली, तर तू भांड्याकुंड्यांसकट राज्याबाहेर!"

भिवा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. खोड राजाची आणि हद्दपारी आचाऱ्याला! त्याची बायको चांगुणा कोळीवाड्यातली. तिने सगळं ऐकून घेतलं, उद्याचं वाढणं माझ्यावर सोडा म्हणाली आणि खुशाल घोरू लागली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. जयवंताच्या ताटात सुरमईच्या जाडजूड तुकड्या. रुद्राजीच्या ताटात भिंगीचं कालवण. भिंगी ही मासळी चवीला अमृत, पण अंगभर केसासारखे काटे. महाराज भडकलेच. पाहुण्याला सुरमई आणि मला काटे? म्हणजे नजर गेलीच, भिवाने भांडी बांधावीत!

चांगुणा पुढे आली. "महाराज, जेवण अजून सुरू कुठे झालंय? पहिला घास घ्या, मग हवं तिकडे बघा. फक्त भिंगीचा एक स्वभाव आहे. खाणाऱ्याचं लक्ष हललं की तिचा काटा घशात."

महाराजांनी हट्टाने घास घेतला आणि मान वळवायला गेले. काटा टोचला! डोळ्यांत पाणी आलं. चांगुणाने कोरड्या भाताचा गोळा तयारच ठेवला होता. तो गिळल्यावर काटा खाली गेला आणि महाराजांचा तोराही.

मग मान जी ताटावर वाकली, ती वर आलीच नाही. काटा चाचपायचा, काढायचा, घास जिभेवर घोळवायचा. भिवा कालवणात तिरफळं घालतो, हे महाराजांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. शेवटी त्यांनी बोटं चाटली आणि तृप्तीचा ढेकर दिला. या वेळी तो आंबट नव्हता.

"महाराज, पाहुण्यांच्या ताटात काय उरलं?" चांगुणाने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी माझे काटे काढत होतो."

आता त्यांनी वळून पाहिलं. जयवंताची सुरमई जशीच्या तशी, गारढोण. तो मघापासून तोंड वासून रुद्राजीच्या ताटाकडेच बघत बसला होता.

"रुद्राजीराव," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "मला ते का नाही वाढलं?"

रुद्राजी पोट धरून हसला. पाहुण्यांनाही भिंगी वाढायला सांगून तो चांगुणाला म्हणाला, "प्रधानाच्या बायकोला सोन्याच्या पाटल्या दिल्या होत्या. तुला त्याहून जड देतो!"

"त्यांच्या केवढ्या आहेत ते मी कधी बघितलंच नाही, महाराज. माझ्या हातात बसतील आणि मासे साफ करताना आड येणार नाहीत, एवढ्याच द्या."

महाराज आणखी जोरात हसले. भिवाची चाकरी कायम झाली आणि चांगुणाच्या हाताच्या मापाच्या पाटल्या घडल्या. त्या बघायला प्रधानाची बायको दुसऱ्याच दिवशी दारात हजर!